लेस्टर पॅट्रिक : बर्फावरील हॉकीचे शिल्पकार

हॉकी म्हटले की भारतीय वाचकांच्या मनात हिरवे मैदान, पांढरा चेंडू आणि मेजर ध्यानचंद यांचे नाव उभे राहते. १९२८ सालच्या मे महिन्यात ॲमस्टरडॅम येथे भारतीय संघाने ऑलिंपिकमधील आपले पहिले सुवर्णपदक मिळविले. त्या संपूर्ण स्पर्धेत भारताचे गोलरक्षक रिचर्ड ॲलन यांनी एकही गोल होऊ दिला नव्हता. त्याच वर्षी, या अंतिम सामन्याच्या बरोबर सात आठवडे आधी, कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात एका वेगळ्याच हॉकीचा अंतिम फेरीतील सामना सुरू होता. त्यातील एका संघाचा गोलरक्षक जबर जखमी झाला. तेव्हा केस रुपेरी झालेले चव्वेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ त्याचा घामाने भिजलेला पोशाख चढवून जाळ्यासमोर उभे राहिले. ते गोलरक्षक नव्हते. ते त्या संघाचे व्यवस्थापक आणि प्रशिक्षक होते आणि खेळाडू म्हणून त्यांचे आयुष्य बचावफळीत गेले होते. त्यांचे नाव लेस्टर पॅट्रिक.

त्या एका रात्रीमुळे पॅट्रिक यांचे नाव उत्तर अमेरिकेत घरोघरी पोहोचले, आणि आजही त्यांच्याविषयी लिहिताना बहुतेक जण तेथूनच प्रारंभ करतात. प्रस्तुत लेखानेही तेच केले आहे. मात्र त्यांच्या कारकिर्दीतील खरे धाडस त्या रात्रीच्या सतरा वर्षे आधी घडले होते. ते जाळ्यासमोर नव्हे, तर वडिलांच्या तिजोरीसमोर करावे लागले होते.

लेस्टर पॅट्रिक यांचा जन्म डिसेंबर १८८३ च्या अखेरीस कॅनडातील क्विबेक प्रांतातील ड्रमंडव्हिल या गावी झाला. वडील जोसेफ पॅट्रिक हे लाकडाचे व्यापारी होते. कुटुंब मोठे होते आणि भावंडांत लेस्टर थोरले. त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान असलेले फ्रँक हे पुढे त्यांचे आयुष्यभराचे सहकारी झाले. पॅट्रिक भावांपैकी कोणाच्या कल्पना आणि कोणाची अंमलबजावणी, हा प्रश्न या खेळाच्या अभ्यासकांना नेहमी पडतो. नव्या कल्पना बहुधा फ्रँक यांना सुचत आणि लेस्टर त्या तावून सुलाखून घेत, असे सर्वसाधारण मत आहे. या कुटुंबाने मॉन्ट्रियल येथे बिऱ्हाड केले, ही गोष्ट दोघांच्याही दृष्टीने निर्णायक ठरली.

याचे कारण असे की मॉन्ट्रियल हे या खेळाचे माहेरघर होते. छताखालील बंदिस्त मैदानावर नियमबद्ध रीतीने खेळला गेलेला पहिला सामना ३ मार्च १८७५ रोजी याच शहरात झाला. दोनच वर्षांनी मॅकगिल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आपला संघ उभा केला. पुढे कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले यांनी विजेत्या संघासाठी चांदीचा चषक दिला आणि १८९३ पासून तो दिला जाऊ लागला. हाच स्टॅनले चषक. पॅट्रिक बंधू शाळकरी वयाचे असताना हा चषक आणि त्यासाठी लढणारे खेळाडू शहरात सर्वांच्या ओठांवर होते.

या खेळाशी अपरिचित असलेल्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. बर्फावरील हॉकीत चेंडूऐवजी कठीण रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. खेळाडू पायात पोलादी पात्यांचे स्केट घालून बर्फावरून घसरत धावतात. आज प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू एका वेळी मैदानात असतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ते सात असत. सातव्या खेळाडूला ठरावीक जागा नसे, तो आक्रमण आणि बचाव यांच्यामध्ये मुक्तपणे संचार करी. दोन बचावपटू मात्र एकामागे एक, जवळजवळ गोलरक्षकाच्या दारातच उभे असत. प्रतिस्पर्ध्याला अडविणे आणि हाती आलेली चकती उंच उडवून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला भिरकावून देणे, एवढेच त्यांचे काम. चकती घेऊन स्वतः पुढे जाणे हे बचावपटूला शोभत नाही, असा संकेत होता.

लेस्टर मॅकगिल विद्यापीठात दाखल झाले आणि विद्यापीठाच्या संघाकडून खेळले. उंच, सडपातळ बांधा आणि स्केटवरील विलक्षण सफाई यांमुळे ते लगेच नजरेत भरले. अभ्यासात मात्र त्यांचे मन फार काळ रमले नाही. एका वर्षातच त्यांनी विद्यापीठ सोडले. धाकटे फ्रँक यांनी मात्र मॅकगिलची पदवी घेतली आणि महाविद्यालयीन संघाकडूनही नाव कमावले. थोरल्याने शिक्षण अर्धवट सोडणे आणि धाकट्याने ते पुरे करणे, हे चित्र आपल्याकडील कुटुंबांनाही अपरिचित नाही.

१९०३-०४ च्या मोसमात लेस्टर पश्चिमेकडील मॅनिटोबा प्रांतातील ब्रँडन या गावच्या संघात आले. येथेच त्यांनी बचावपटूविषयीचा तो जुना संकेत मोडला. चकती हाती आली की ती भिरकावण्याऐवजी ते स्वतः ती घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या गोलकडे धाव घेऊ लागले. असे करणारे ते पहिलेच बचावपटू होते का, याविषयी मतभेद असू शकतात. ही पद्धत रूढ करणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे, याविषयी मात्र दुमत नाही. प्रेक्षकांना हा प्रकार इतका आवडला की संघचालकांनी त्याला आक्षेप घेतला नाही. मार्च १९०४ मध्ये ब्रँडनच्या संघाने स्टॅनले चषकासाठी त्या काळच्या बलाढ्य ओटावा संघाला आव्हान दिले आणि दोन्ही सामने गमावले. या मालिकेत घडलेला एक किरकोळ प्रसंग त्या वेळी कोणाच्या फारसा लक्षात राहिला नसावा. तेव्हाच्या नियमांप्रमाणे गोलरक्षकाने आगळीक केली तर त्याला स्वतःच मैदानाबाहेर जावे लागे. ब्रँडनच्या गोलरक्षकावर तशी वेळ आली आणि तेवढ्या अवधीपुरते लेस्टर जाळ्यासमोर उभे राहिले.

पुढील मोसम त्यांनी मॉन्ट्रियलजवळील वेस्टमाउंटच्या संघाकडून काढला आणि त्यानंतर ते मॉन्ट्रियल वाँडरर्स या संघात दाखल झाले. मार्च १९०६ मध्ये वाँडरर्स आणि ओटावा यांच्यात चषकासाठी दोन सामने झाले. दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करून विजेता ठरणार होता. पहिला सामना वाँडरर्सने ९-१ असा जिंकला, तेव्हा निकाल लागल्यातच जमा होता. दुसऱ्या सामन्यात ओटावाने एकामागून एक नऊ गोल केले आणि एकूण बेरीज १०-१० अशी बरोबरीत आणून ठेवली. आठ गोलांची आघाडी एका संध्याकाळीत वितळली होती. सामना संपता संपता बचावपटू लेस्टर पॅट्रिक यांनी लागोपाठ दोन गोल केले आणि चषक वाँडरर्सकडे गेला. १९०७ मध्येही तो वाँडरर्सने जिंकला. त्या वर्षी जानेवारीत केनोरा या छोट्या गावच्या संघाने तो हिरावून नेला होता, मार्चमध्ये वाँडरर्सने तो परत मिळविला.

याच सुमारास हा खेळ हौशी राहावा की व्यावसायिक व्हावा, हा वाद पेटला होता. इंग्रजी परंपरेत वाढलेल्या मंडळींना खेळासाठी पैसे घेणे कमीपणाचे वाटे. प्रत्यक्षात संघचालक खेळाडूंना आडमार्गाने पैसे देतच होते. १९०६-०७ च्या मोसमात पूर्व कॅनडातील प्रमुख संघटनेने व्यावसायिक आणि हौशी खेळाडूंना एकत्र खेळण्यास मुभा दिली आणि हे ढोंग बऱ्याच अंशी संपले. विद्यापीठाच्या मैदानातून आलेले पॅट्रिक या बदलाच्या ऐन मध्यावर उभे होते.

याच काळात जोसेफ पॅट्रिक यांनी आपला व्यवसाय ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हलविला. डोंगराळ भागातील नेल्सन या गावी कुटुंब स्थायिक झाले आणि लेस्टर वडिलांच्या लाकडाच्या धंद्यात काम करू लागले. खेळ सुटला नाही. डिसेंबर १९०८ मध्ये एडमंटनच्या संघाने स्टॅनले चषकासाठी आव्हान दिले तेव्हा बाहेरून आणलेल्या नामवंत खेळाडूंत लेस्टरही होते आणि समोर त्यांचाच जुना वाँडरर्स संघ होता. वाँडरर्सने चषक राखला.

एका वर्षाने ओंटारियो प्रांतातील रेनफ्रू या लहानशा गावातून बोलावणे आले. तेथील खाणमालक ओब्रायन कुटुंबाला काहीही करून स्टॅनले चषक आपल्या गावी आणायचा होता. त्यासाठी त्यांनी डिसेंबर १९०९ मध्ये नवी संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला आणि खेळाडूंवर पैशांचा पाऊस पाडला. लेस्टर यांना एका मोसमासाठी ३,००० डॉलर, तर फ्रँक यांना २,००० डॉलर देण्यात आले. संघातील सर्वांत गाजलेले खेळाडू फ्रेड टेलर यांना ५,००० डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. मोसम अवघ्या तीन महिन्यांचा होता. साध्या कामगाराला वर्षभर राबून याच्या तिसरा हिस्साही मिळत नसे. लोक या संघाला लक्षाधीशांचा संघ म्हणू लागले. चषक मात्र त्यांना मिळाला नाही, तो वाँडरर्सनेच जिंकला. पॅट्रिक बंधूंनी या मोसमातून एक धडा घेतला. लोक हा खेळ पाहण्यासाठी पैसे मोजायला तयार आहेत, पण ते पैसे कोठे जायचे हे मैदानाचा मालक ठरवितो.

जानेवारी १९११ मध्ये जोसेफ पॅट्रिक यांनी आपला लाकडाचा व्यवसाय विकला. त्यातून सुमारे ४ लाख ४० हजार डॉलर हाती आले. त्या काळी ही संपत्ती पुढील दोन पिढ्यांना बसून खाण्याएवढी होती. तिचे काय करायचे, यावर घरात विचार सुरू झाला आणि फ्रँक यांनी एक कल्पना मांडली. पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर व्यावसायिक हॉकीची स्वतंत्र स्पर्धा सुरू करायची, स्वतःची मैदाने बांधायची आणि पूर्वेकडील उत्तम खेळाडू अधिक पगार देऊन आणायचे.

ही कल्पना किती धाडसी होती, हे कळण्यासाठी तेथील हवामान लक्षात घ्यावे लागेल. व्हँकूव्हर आणि व्हिक्टोरिया ही शहरे कॅनडात असली तरी समुद्रकाठची आहेत. तेथील हिवाळा सौम्य आणि पावसाळी असतो. तळी क्वचितच गोठतात. तेथील बहुसंख्य लोकांनी बर्फावरील हॉकीचा चांगला सामना पाहिलेलाच नव्हता. पूर्वेकडेही मैदाने बंदिस्त असली तरी बर्फ नैसर्गिकच असे. थंडी ओसरली की बर्फाचा चिखल होई आणि सामने पुढे ढकलावे लागत. लेहच्या आसपास गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळणाऱ्या लडाखी तरुणांना ही अडचण चांगलीच परिचयाची आहे. किनाऱ्यावर हॉकी खेळवायची तर बर्फ तयारच करावा लागणार होता.

त्याची पद्धत अशी. मैदानाच्या तळाशी नळ्यांचे दाट जाळे पसरायचे. अमोनियावर चालणाऱ्या शीतयंत्रांनी मिठाचे पाणी शून्याच्या खाली थंड करायचे आणि ते या नळ्यांतून सतत फिरवायचे. वरून पाण्याचे पातळ थर एकेक करून द्यायचे, म्हणजे ते गोठून कठीण, सपाट पृष्ठभाग तयार होतो. अमेरिकेत काही ठिकाणी अशी मैदाने होती. कॅनडात, म्हणजे बर्फाच्याच देशात, तोवर एकही नव्हते. पॅट्रिक कुटुंबाने व्हँकूव्हर येथे सुमारे दहा हजार प्रेक्षकांचे आणि व्हिक्टोरिया येथे सुमारे चार हजार प्रेक्षकांचे मैदान उभारले. व्हँकूव्हर हे त्या वेळी लाखभर वस्तीचे शहर होते, म्हणजे शहरातील दर दहा माणसांमागे जवळजवळ एक खुर्ची मांडली गेली. डिसेंबर १९११ मध्ये दोन्ही मैदाने खुली झाली. लेस्टर यांनी व्हिक्टोरियाची, तर फ्रँक यांनी व्हँकूव्हरची जबाबदारी घेतली. न्यू वेस्टमिन्स्टर येथे तिसरा संघ उभा राहिला. लगतच्या नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात व्हिक्टोरिया येथे पहिला सामना झाला आणि लेस्टर यांच्या संघाचा ८-३ असा पराभव झाला.

खेळाडू, संघनायक, प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि मैदानाचा मालक अशा पाचही भूमिका लेस्टर एकाच वेळी पार पाडत होते. पूर्वेकडील संघमालक चिडले होते, कारण त्यांचे खेळाडू दुप्पट पगारावर पश्चिमेकडे जाऊ लागले होते. १९१२ च्या अखेरीस प्रत्यक्ष फ्रेड टेलर व्हँकूव्हरला आले. आपलेच बंधू स्पर्धेचे चालक, आपलेच कुटुंब मैदानांचे मालक आणि आपण स्वतः खेळाडू, ही रचना आजच्या क्रीडासंघटनांच्या नियमांत बसली नसती. तिच्यावर तेव्हाही टीका झाली. परंतु याच रचनेमुळे नियमांत प्रयोग करण्याची मोकळीक त्यांना मिळाली, हेही नाकारता येत नाही. परवानगी घ्यायची तर ती एकमेकांचीच घ्यायची होती.

या प्रयोगांतून आजची बर्फावरील हॉकी घडली. तोवर चकती पुढच्या दिशेने सहकाऱ्याकडे देण्यास बंदी होती आणि त्यामुळे खेळ वारंवार थांबे. पॅट्रिक बंधूंनी मैदानावर दोन निळ्या रेषा आखून त्याचे तीन भाग केले आणि मधल्या भागात चकती पुढे देण्यास मुभा दिली. खेळाचा वेग एकदम वाढला. गोलरक्षकाने चकती अडविण्यासाठी बर्फावर लोळण घेणे हा गुन्हा होता, तो त्यांनी रद्द केला. गोल करणाऱ्याबरोबर त्याला चकती देणाऱ्याचीही नोंद होऊ लागली. खेळाडूंच्या पोशाखावर क्रमांक आले, त्यामुळे दूरवरच्या प्रेक्षकालाही खेळाडू ओळखता येऊ लागला. गोल होण्याची स्पष्ट संधी आगळिकीने हिरावून घेतल्यास एकट्या गोलरक्षकासमोर फटका मारण्याची शिक्षा त्यांनी १९२१-२२ च्या मोसमात आणली, ती राष्ट्रीय हॉकी लीगने १९३४ मध्ये स्वीकारली. मोसमाच्या शेवटी अग्रेसर संघांत पुन्हा बाद फेरी खेळविण्याची पद्धतही त्यांनी रुळविली. आज व्यावसायिक खेळांच्या मोसमांचा शेवट बाद फेरीनेच होतो, भारतातील क्रिकेटच्या लीगही त्याला अपवाद नाहीत.

प्रयोग यशस्वी झाला, तरी धंदा नेहमी तोट्याच्या काठावरच राहिला. १९१३ आणि १९१४ अशी सलग दोन वर्षे लेस्टर यांचा व्हिक्टोरिया संघ किनारपट्टीचा विजेता ठरला, पण १९१४ मध्ये टोरांटो येथे जाऊन ते तिन्ही सामने हरले. पहिले महायुद्ध पेटल्यावर व्हिक्टोरियाचे मैदान लष्कराने ताब्यात घेतले आणि लेस्टर यांना आपला संघ अमेरिकेतील स्पोकेन येथे हलवावा लागला. तेथे प्रेक्षकच आले नाहीत आणि संघ बंद पडला. त्यानंतरचा मोसम ते सिॲटलकडून खेळले. १९१९ मध्ये सिॲटल येथे सुरू असलेली स्टॅनले चषकाची अंतिम मालिका इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळे अर्ध्यावर थांबवावी लागली. मॉन्ट्रियलच्या संघातील जो हॉल हे बचावपटू त्या साथीत ५ एप्रिल १९१९ रोजी सिॲटलमध्येच मरण पावले. त्या वर्षी चषक कोणालाच मिळाला नाही.

किनारपट्टीची स्पर्धा पुढे प्रेअरी प्रांतांतील स्पर्धेत विलीन झाली. १९२५ च्या मार्चमध्ये लेस्टर यांच्या व्हिक्टोरिया कूगर्स संघाने मॉन्ट्रियल कनेडियन्सचा तीन सामन्यांनी एक असा पराभव करून स्टॅनले चषक जिंकला. शेवटचा सामना ६-१ असा सुटला. राष्ट्रीय हॉकी लीगबाहेरील संघाने हा चषक जिंकण्याची ती शेवटची वेळ होती. एवढे असूनही हिशेब जुळत नव्हता. पूर्वेकडील संघ आता न्यूयॉर्क, बोस्टन अशा अमेरिकन महानगरांत पसरले होते. तेथील पगारांशी बरोबरी करणे छोट्या शहरांना अशक्य होते. पुढील मोसमात खर्च वाचविण्याच्या आणि संघ सावरण्याच्या धडपडीत बेचाळीस वर्षांचे लेस्टर पुन्हा स्वतः बचावफळीत उतरले. संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि हरला. १९२६ मध्ये पॅट्रिक बंधूंनी पश्चिमेकडील खेळाडूंचे करार एकगठ्ठा पूर्वेकडील संघांना विकून टाकले. अडीच लाख डॉलरहून अधिक रक्कम आली. व्हिक्टोरियाचे खेळाडू डेट्रॉइटला गेले, पोर्टलंडचे शिकागोला. पंधरा वर्षे जपलेली स्पर्धा काही आठवड्यांत संपली. या विक्रीबद्दल पश्चिम कॅनडातील अनेकांनी त्यांना दोष दिला. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही, पण रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळत राहण्याचा पर्याय त्यांच्यापुढे किती दिवस होता, हेही पाहायला हवे.

त्याच वर्षी न्यूयॉर्क रेंजर्स हा नवा संघ स्थापन होत होता. त्याची उभारणी कॉन स्माइथ यांनी केली होती. बिल कूक, बन कूक आणि फ्रँक बाउचर हे आक्रमक, चिंग जॉन्सन आणि टॅफी एबल हे बचावपटू, गोलरक्षक लॉर्न शाबो हे सर्व स्माइथ यांनीच निवडलेले. मोसम सुरू होण्यापूर्वीच मालकांनी स्माइथ यांना दूर केले आणि लेस्टर पॅट्रिक यांना बोलावले. रेंजर्सच्या पहिल्या यशाचे श्रेय सर्रास पॅट्रिक यांना दिले जाते. त्यात स्माइथ यांचा वाटा मोठा आहे, एवढे येथे नमूद केलेच पाहिजे. स्माइथ यांनी पुढे टोरांटोचा संघ विकत घेऊन त्याला मेपल लीफ्स हे नाव दिले.

रेंजर्सने दुसऱ्याच मोसमात, १९२८ मध्ये, अंतिम फेरी गाठली. त्यांच्या स्वतःच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेव्हा सर्कस मुक्कामाला होती. परिणामी पाचही सामने प्रतिस्पर्धी मॉन्ट्रियल मरून्सच्या मैदानावर, मॉन्ट्रियल फोरममध्ये, खेळावे लागणार होते. पहिला सामना रेंजर्सने ०-२ असा गमावला. ७ एप्रिलच्या दुसऱ्या सामन्यात दुसऱ्या सत्राच्या प्रारंभी नेल्स स्टुअर्ट यांचा जोरदार फटका शाबो यांच्या डोळ्यावर बसला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या काळी गोलरक्षक चेहऱ्यावर कोणतेही आवरण घालत नसत आणि संघ राखीव गोलरक्षकही बाळगत नसत. ओटावा संघाचे नामांकित गोलरक्षक ॲलेक कॉनेल प्रेक्षकांत बसलेले होते. त्यांना खेळवू द्यावे, अशी विनंती पॅट्रिक यांनी केली. मरून्सचे प्रशिक्षक एडी जेरार्ड यांनी ती नाकारली. दुसऱ्या एका गोलरक्षकाचे नावही त्यांनी फेटाळले. नियमाने त्यांना तो अधिकार होता.

वेळ थोडा होता. सामना सोडून द्यायचा की आपल्यापैकीच कोणीतरी उभे राहायचे, एवढाच प्रश्न उरला. अखेर पॅट्रिक यांनी स्वतःच शाबो यांचे पायबंद आणि पोशाख चढविला. ब्रँडनमधील आणि पुढे व्हिक्टोरियातील काही मिनिटांचा अनुभव सोडला तर त्यांना या जागेची सवय नव्हती. संघाच्या बाकावर त्यांच्या जागी पिट्सबर्गचे प्रशिक्षक ओडी क्लेगहॉर्न उभे राहिले. रेंजर्सच्या खेळाडूंनी त्या रात्री कसा बचाव केला, याचे वर्णन थोडक्यात करायचे तर असे, की त्यांनी मरून्सना जवळून फटका मारूच दिला नाही. प्रतिस्पर्धी मध्यरेषेच्या आसपास आले की बचावपटू अंगावर धावून जात. लांबून येणारे फटके पॅट्रिक कधी उभ्याने, कधी गुडघ्यांवर बसून अडवीत होते. गोलरक्षकाला बर्फावर पडण्याची मुभा पूर्वी त्यांनीच मिळवून दिली होती.

तिसऱ्या सत्राच्या प्रारंभीच बिल कूक यांनी गोल केला. सामना संपायला सहाएक मिनिटे उरली असताना नेल्स स्टुअर्ट यांनी बरोबरी साधली. जादा वेळेत सातव्या मिनिटानंतर फ्रँक बाउचर यांनी निर्णायक गोल केला आणि रेंजर्स २-१ असे जिंकले. पॅट्रिक यांनी एकोणीसपैकी अठरा फटके अडविले होते. सहकाऱ्यांनी त्यांना खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेले. पुढील सामन्यांसाठी जो मिलर या गोलरक्षकाला घेण्याची परवानगी मिळाली आणि १४ एप्रिल रोजी रेंजर्सने मालिका तीन विरुद्ध दोन अशी जिंकली.

या प्रसंगाच्या मागे दडलेली दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. डोळ्यावर घाव बसलेला गोलरक्षक पुन्हा तेवढ्याच निर्भयपणे उभा राहील का, याविषयी पॅट्रिक साशंक होते. काही महिन्यांतच त्यांनी शाबो यांना टोरांटो संघाकडे देऊन टाकले. १९३२ मध्ये रेंजर्स पुन्हा अंतिम फेरीत आले, तेव्हा स्माइथ यांच्या टोरांटो संघाने त्यांना सलग तीन सामन्यांत हरविले. टोरांटोच्या जाळ्यासमोर शाबो उभे होते. माणसांची पारख करण्यात पॅट्रिक यांच्याकडून झालेल्या चुकांत ही ठळक म्हणावी लागेल. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, रेंजर्सने टोरांटोला हरवून दुसऱ्यांदा चषक जिंकला.

पॅट्रिक यांचे चिरंजीव लिन आणि मझ हे दोघेही चांगले खेळाडू होते. लिन यांना संघात घेण्यास मात्र वडीलच राजी नव्हते. मुलाला पुढे आणल्याचा आरोप होईल, अशी त्यांना भीती होती. संघातील ज्येष्ठ खेळाडूंच्या आग्रहाने १९३४ मध्ये लिन रेंजर्समध्ये आले. मझ हे मुष्टियुद्धातही निपुण होते आणि वडिलांप्रमाणे बचावपटू होते. १९३९ मध्ये लेस्टर यांनी प्रशिक्षकपद फ्रँक बाउचर यांच्याकडे सोपविले आणि स्वतः व्यवस्थापक म्हणून राहिले. १९४० मध्ये रेंजर्सने तिसऱ्यांदा चषक जिंकला, त्या संघात दोन्ही मुलगे होते. यानंतर चषक पुन्हा मिळण्यासाठी रेंजर्सना १९९४ पर्यंत थांबावे लागले.

दुसऱ्या महायुद्धात संघातील बहुतेक चांगले खेळाडू सैन्यात गेले. १९४३-४४ च्या मोसमात रेंजर्सना पन्नासपैकी अवघे सहा सामने जिंकता आले. १९४६ मध्ये पॅट्रिक व्यवस्थापकपदावरून निवृत्त झाले, १९४७ मध्ये हॉकीच्या मानवंदना दालनात त्यांचा समावेश झाला. उतारवयात ते व्हिक्टोरियाला परतले आणि तेथील संघाचा कारभार काही वर्षे पाहत राहिले. त्यांनी आणि फ्रँक यांनी बांधलेली दोन्ही मैदाने तोवर राहिली नव्हती. व्हिक्टोरियाचे मैदान १९२९ मध्ये, तर व्हँकूव्हरचे १९३६ मध्ये आगीत जळून गेले होते.

अमेरिकेत या खेळाची सेवा करणाऱ्यांसाठी १९६६ पासून लेस्टर पॅट्रिक यांच्या नावाचा चषक दिला जातो. लिन हे सेंट लुईस संघाचे पहिले प्रशिक्षक झाले आणि मझ रेंजर्सचे व्यवस्थापक. लिन यांचे पुत्र क्रेग पॅट्रिक हे १९८० च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरविणाऱ्या अमेरिकी संघाचे सहायक प्रशिक्षक होते. ते व्यवस्थापक असताना पिट्सबर्गने १९९१ आणि १९९२ मध्ये स्टॅनले चषक जिंकला.

लेस्टर पॅट्रिक यांचे १ जून १९६० रोजी व्हिक्टोरिया येथे निधन झाले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला, सामुद्रधुनीच्या पलीकडे व्हँकूव्हर येथे, फ्रँक पॅट्रिक यांनीही जगाचा निरोप घेतला.